गंगव्वाचं दार

आत्या, तुला सगळ्यात आधी जे ऐकायचं असेल तेच आधी सांगते. काल ईस्टरला गल्ली उठली. थोडी उशिरा उठली, पण सूर्य वर यायच्या आत आम्ही कबरस्तानात पोचलो. आता तू विचारशील, "आन् गंगव्वाचं दार?" ते मागून सांगते. त्याच्यासाठीच तर लिहायला बसलेय.

मंडळीच्या लोकांनी तुझ्यावर लिहायचं काम माझ्याकडे दिलं, कारण गल्लीत बी.ए. झालेली मीच. पण तुझा जन्म कुठला, लग्न कधी झालं, मिलच्या रीळ खात्यात किती वर्षं उभी राहिलीस, हे सगळं पाळकसाहेबांनी तुला पुरताना वाचून दाखवलंय. लोकांनी माना डोलावल्या. मला त्यातली बाई ओळखूच आली नाही. मी जिला ओळखते ती माझ्याशी भांडणारी. भाकरी थापताना भांडणारी, नळावर भांडणारी, मध्येच "जेवलीस का गं एस्तर?" असं विचारून, सोडलेलं भांडण पुन्हा तिथूनच उचलणारी. म्हणून मी तुझ्याशीच बोलते. ज्यांना वाचायचंय त्यांनी शेजारी बसून ऐकावं.

ख्रिस्ती देवळामागच्या आपल्या गल्लीत उन्हाळ्यात घरात कोण झोपतं? पत्रे दिवसभर तापतात आणि रात्रभर ती आग खाली सोडतात. सगळ्यांच्या बाजा बाहेर, पोरं वाकळांवर, म्हातारी माणसं देवळाच्या ओट्यावर. वर्षभर ह्या लोकांना मिलचा भोंगा उठवतो. रविवारी भोंगा नसतो, म्हणून वर्षातला हा एक रविवार तुझ्याकडे होता. ईस्टरच्या पहाटे हातात कंदील घेऊन तू बाजांच्या मधून चालत जायचीस आणि ओरडायचीस, "उठा रं, तो उठला!" वाकळांच्या आतून कुणीतरी झोपेतच ओरडायचं, "खरंच उठला!" मग तांब्याभर पाण्यानं तोंडं धुऊन सगळी मंडळी गात गात कबरस्तानात जायची. ज्याचं माणूस जिथं पुरलंय तिथं तो बसायचा आणि उजाडायची वाट बघायचा. आपले लोक मेले तरी निजलेत फक्त, ही गोष्ट वर्षातून एकदा त्यांच्या शेजारी बसून स्वतःला सांगायची, अशी आपली रीत.

आणि शेवटी, गल्लीच्या तोंडाशी, नळासमोरचं ते एक दार. सगळ्या गल्लीत उन्हाळ्यातही आतून कडी लावून झोपणारी एकच बाई, गंगव्वा. नवरा वारला तेव्हापासून तिनं कधी बाज बाहेर काढली नाही. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, रागावली की कानडीत जाणारी. रीळ खात्यात तू आणि ती शेजारी शेजारी. पुढं तिची नजर अधू झाली तशी मिल सुटली आणि ती कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी करून विकायला लागली. ती आपल्या देवळाची नाही, कधी नव्हती. तरी तू तिचं दार वाजवायचीस.

"गंगव्वा, ऊठ. तो उठला."

आतून आवाज यायचा, "तुजा उठला असंल. मला झोपू दे की!"

तू हसायचीस आणि पुढं जायचीस. बस्स. दर वर्षी एवढंच.

माझी लाज तिथं सुरू व्हायची. लहान होते तेव्हा नव्हे. लहानपणी मला ते सगळं नाटकासारखं वाटायचं. कॉलेजात गेले आणि मला ते टोचायला लागलं. मी तुला म्हणायचे, "तिचा धर्म तिला आहे. पूजा झाल्याशिवाय ती पाणी पीत नाही. तिला कशाला उठवतेस?" तू म्हणायचीस, "मी नुसतं दार वाजीवते. कडी तिच्या हातात हाय." मी म्हणायचे, "चांगलं वागावं, खोटं बोलू नये, कुणाला नडू नये. लोकांना आपल्या वागण्यातून कळतं." तू पीठ मळता मळता मान वर करायचीस. "कळतं व्हय? मग तुज्या शाळंतल्या बायांना काय कळलं आजपतुर?"

मी शिकवते त्या शाळेत काय व्हायचं ते सांगते. शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले की बाया एकमेकींना विचारतात, तुमच्याकडं सण कसा करतात, उपास काय असतो. मला विचारलं की मी म्हणायची, "असतं आमचं पण काहीतरी," आणि डब्यातली चटणी पुढं करायची. भीती वाटायची असं म्हणणार नाही. पण आपल्या माणसांना बाकीचे लोक मनात काय म्हणतात हे मला ठाऊक होतं. मिशनच्या दुधाच्या भुकटीसाठी बाटलेले. मी स्वतःच्या बळावर पदवी घेतलीय, कुणाच्या भुकटीवर नाही. हे त्यांना न सांगता दिसावं, म्हणून मी इतकी ताठ चालायची की देवाचं नाव घ्यायला वाकणंही जमायचं नाही.

पदवीचा माझा तो काळा झगा घातलेला फोटो तू गल्लीभर फिरवलास. गंगव्वाच्या डोळ्यांना दिसत नाही तर तिच्या नाकाला लावलास. "बघ, बी.ए. आता ही सांगंल सगळ्यांस्नी."

"काय सांगंल?" गंगव्वा म्हणाली.

"ते तू दार उघडशील तवा."

"साकु गं बाई," ती म्हणाली. पुरे म्हणायला तिला कानडीच लागायचं. "तू बी नको सांगू, ती बी नको. भाकरी घिऊन जावा दोगी."

तुला तो चंद्राचा ईस्टर आठवतो का? मी शाळेत शिकत होते. ईस्टर पुनवेनंतरच्या रविवारी येतो, म्हणजे चंद्र असतोच. त्या वर्षी आभाळ इतकं स्वच्छ होतं की अंगणातली सुई दिसली असती. तुला जाग आली, बाहेर पांढरं फटक, तुला वाटलं उजाडलं. तू कंदीलसुद्धा घेतला नाहीस. "उठा रं, उशीर झाला, तो कवाच उठला!" असा ओरडा करत धावलीस. तुझ्या आवाजात अशी घाबरगुंडी होती की कुणी घड्याळ बघितलं नाही. गंगव्वा मात्र आतून म्हणाली, "सगुणे, आजून कोंबडं बी झोपल्यात. तुजा देव काय कोंबड्याच्या आदी उठतो व्हय?" सगळ्या गल्लीत बरोबर वेळ तिलाच कळली होती, आणि तिचं कुणी ऐकलं नाही.

कबरस्तानात जाऊन बसलो. गाणी झाली. पुन्हा तीच गाणी झाली. सूर्याचा पत्ता नाही. पोरं थडग्यांना टेकून झोपली. मंडळीचे पंच याकोबराव उठून म्हणाले, "सगुणाबाई, आज चंद्राला सूर्य म्हणालात, उद्या आम्हाला मढी म्हणाल!" लोक पोट धरून हसले. मला रडू येत होतं. मग पुष्कळ वेळानं, बरोबर वेळेवर, पाळकसाहेब कंदील घेऊन आले आणि पाहतात तर सगळी मंडळी आधीच बसलेली. बिचारे धावतच आत शिरले, "माफ करा, माझं घड्याळ मागं पडलं वाटतं."

"घड्याळ बराबर हाय सायेब," तू म्हणालीस. "आमीच आदी आलो."

घरी येताना मी चिडून विचारलं, तुला लाज नाही वाटली? तू म्हणालीस, "लवकर आलो तर काय बिगाडलं? जरा वेळ बसलो. उशीर झाला असता म्हंजी?" ते 'म्हंजी' तू असं म्हणालीस की मी कितीतरी वर्षं पहाटे दचकून उठायची आणि खिडकीतून बघायची. उशीर झाला असता म्हणजे काय, आत्या? ते मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारून काय उपयोग?

तुझी तयारी मला कधी झेपली नाही. ते निघायचं पातळ! पांढरं, कोरं. पेटीच्या तळाशी कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेलं. दर वर्षी ईस्टरअगोदरचा झावळ्यांचा रविवार यायच्या आधी तू ते काढायचीस, धुवायचीस, सावलीत वाळवायचीस, आणि अशी घडी घालायचीस जणू उद्या कुणाच्या लग्नाला जायचंय. मी म्हणायची, "मरायची एवढी घाई?" तू म्हणायचीस, "घाई न्हाय गं. कुणी बोलवाय आलं की हे कुटं हाय, ते कुटं हाय, असं नको."

आणि तू गेलीस तेव्हा नेमकं तेच झालं. बाया म्हणाल्या, तिचं पातळ काढ. मी पेटी उघडली. पाला होता, पातळ नव्हतं. मी वेड्यासारखी कपडे उपसत सुटले. मग आठवलं. नाताळानंतर शेवटच्या खोलीतली मार्थाबाई गेली, तिच्या घरात अंगावर घालायला धड काही निघेना, तेव्हा तू आपलं नेऊन दिलंस. "दुसरं घीन की बाजाराच्या दिवशी," म्हणालीस. बाजाराचे दिवस येऊन गेले. तुझं राहिलं. आम्ही तुला त्या निळ्या पातळात पुरलं, ज्याच्या पदराला मीच शिवण घातली होती, आणि तीही वाकडी.

मला ते सोसत नाही. जिनं आयुष्यभर सगळ्यांना तयार राहा, तयार राहा म्हणून सांगितलं, तिलाच तयारीशिवाय उचलावं? मी पाळकसाहेबांना तसं विचारलं. ते म्हणाले, "तयारी होतीच ना. होती म्हणून मार्थाबाईच्या अंगावर गेली." उत्तर छान आहे. देवळात सांगितलं तर लोक मान डोलावतील. पण मला त्यानं झोप येत नाही, हेही मी त्यांना सांगितलं. कारण तू नुसत्या पातळाचं बोलत नव्हतीस, हे मला कळतं. आणि ज्याचं बोलत होतीस त्याची घडी माझ्या पेटीत घातलेली आहे का, ते मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

आता त्या दुपारचं. तू जायच्या आदल्या दिवशीचं.

तू सुपात ज्वारी निवडत होतीस. मी शाळेतून आले ती रागातच. कुणीतरी आमच्या मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं होतं की एस्तरबाईंची आत्या लोकांची दारं वाजवून त्यांना बाटवते. ते माझ्याशी गोडच बोलले. "आत्याबाईंना जरा समजवा. दिवस कसे आहेत बघता ना." मी तुला म्हणाले, "यंदा गंगव्वाचं दार सोड."

"गंगव्वानं सांगितलं व्हय तसं?"

"मी सांगतेय."

"दार वाजीवल्यानं कोन बाटतं गं? तू शिकल्याली, तूच सांग."

मग माझ्या तोंडून ते गेलं. "नाहीतरी वाजवून काय होतं? ती उघडत नाही आणि तू सांगत नाहीस. इतकी वर्षं झाली, एक शब्द तरी सांगितलास का तिला? ह्याला काय अर्थ आहे?"

तू सूप खाली ठेवलंस. मला वाटलं आता जोरात भांडशील. तू म्हणालीस, "ते मातर खरं हाय तुजं."

मी तुझ्यासमोर खाली बसले.

"भ्या वाटतं मला," तू म्हणालीस. "तिनं हसावं, शिव्या द्याव्यात, त्येचं काय न्हाय. मी समदं सांगीन, आन् ती 'बरं' म्हनंल, आन् चटणीला मीठ कमी झालंय म्हनून सांगंल. त्येचं भ्या. मग माज्याजवळ काय ऱ्हायलं तिला द्याला? म्हनून दार वाजीवते. येवडंच जमतं."

मी तुला इतकी वर्षं ओळखत होते आणि हे मला माहीत नव्हतं. चंद्राच्या उजेडात सगळ्या गल्लीला ओरडून उठवणारी बाई एका मैत्रिणीशी बोलायला घाबरत होती. म्हणजे तू आणि मी सारख्याच होतो. फक्त तू त्या भीतीसकट दारापर्यंत जायचीस.

मग तू विचारलंस, "मी न्हाय तवा तू वाजीवशील न्हवं?"

मी म्हटलं, "तू कुठं निघालीस?"

"इचारलं त्येचं सांग."

मी उठले आणि स्टोला पिन मारायला लागले. "चहा टाकते," म्हणाले. तुझ्या शेवटच्या प्रश्नाला दिलेलं माझं उत्तर एवढंच. तू चहा प्यालीस, चांगला झालाय म्हणालीस, आणि ज्वारी पुन्हा पुढ्यात ओढलीस.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळेला तू घागर नळाखाली लावलीस आणि खाली बसलीस ती उठली नाहीस. मी आले तेव्हा तुझं डोकं गंगव्वाच्या मांडीवर होतं, घागर भरून वाहत होती, आणि गंगव्वा अधू डोळ्यांनी माझ्या दिशेनं बघत ओरडत होती, "मास्तरीण, ही बोलंना गं!" नळ बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

पुरताना ती आली. बाया तिला म्हणाल्या, लांब आहे, ऊन आहे, राहू दे. ती काठी टेकत आली. फाटकाशी उभी राहून मला म्हणाली, "निजवलीसा व्हय तिला? आमी बसवून पुरतो." तिनं ते असं विचारलं जणू तुला नीट जागा मिळाली की नाही याची तिला खात्री करून घ्यायची होती.

पुढचे दिवस माझे कसे गेले सांगू? झावळ्यांचा रविवार गेला, गुड फ्रायडे गेला. देवळात जो तो विचारायचा, "यंदा कोण उठवणार?" आणि सगळे माझ्याकडे बघायचे. मी हो म्हणाले. गल्ली उठवायची मला धास्ती नव्हती. ते आपलेच लोक, आवाज बसला तरी सांभाळून घेतील. धास्ती होती ती शेवटच्या दाराची. वाजवावं, तर ती म्हणेल, सगुणा गेली, आता तू कशाला माझ्या झोपेत? आणि उद्या पुन्हा शाळेत कुणीतरी काहीतरी बोलणार. न वाजवावं, तर तुझा प्रश्न तसाच राहणार, माझा चहा थंड होत. शनिवारी संध्याकाळी पाणी भरताना ती दारात बसून शेंगा निवडत होती. मी तिच्या पुढून घागर घेऊन गेले.

पहिल्या पगारातून मी जे गजराचं घड्याळ घेतलं होतं, ज्याला तू 'टकटक्या' म्हणायचीस, ते मी किल्ली भरून उशाशी ठेवलं. तू गेल्यापासून मी एकटी, म्हणून घरातच झोपते, आतून कडी लावून. पडल्या पडल्या मी जुळवणी करत होते, गंगव्वाला काय म्हणायचं. 'तो उठला' एवढंच म्हणायचं की पुढं काही? कोणत्या शब्दांत? जुळवता जुळवता कधी डोळा लागला कळलं नाही. गजर वाजला असणार. मीच झोपेत हात मारून बंद केला असणार.

मला जाग आली ती दारावरच्या काठीनं.

"ए मास्तरीण! ऊठ की! तुमचा देव उठून बसला असंल, आन् तू निजलीस व्हय?"

मी कडी काढली. बाहेर अंधार फिका झालेला. गंगव्वा डोक्यावर पदर घेऊन उभी. गल्ली ठार झोपलेली.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"काय कसं कळलं? दर साली ह्या वक्ताला मी जागीच असतीय. ती ईल म्हनून. ती आली की मग झोपतीय मी. आज कोन ईना. तवा मला काय झोप लागंना, अय्यो! म्हटलं ही बी.ए. आपल्याला जागं ठिवती, आन् आपून घोरती."

आत्या, ऐकलंस का? ती जागी असायची. 'झोपू दे की' म्हणून जी बाई आतून तुला ओरडायची, ती तुझी वाट बघत जागी असायची.

मला रडायलाही वेळ नव्हता. मी केस तसेच बांधले आणि निघाले. पहिली हाक कुणालाच ऐकू गेली नाही. दुसरी मोठ्यानं मारली. "उठा, तो उठला!" मागून गंगव्वा प्रत्येक बाजेच्या पायावर काठी मारत येत होती. याकोबराव, आता पार म्हातारे झालेत, उठून बसले आणि तिला बघून म्हणाले, "यंदा काय गंगव्वाचा देव उठला काय?" ती म्हणाली, "तुमचा उठवाय मानूस ऱ्हायला न्हाय, म्हनून मी आली. उठा, तोंड धुवा."

ती कबरस्तानापर्यंत आली. या खेपेला फाटकात थांबली नाही. तुझ्या कबरेवरची माती अजून बसलेली नाही. मी एका बाजूला बसले, ती दुसऱ्या. पुढं गाणी चालली होती. तिनं हातानं माती चाचपली.

"आमी बसवतो ते बराबर हाय बग," ती म्हणाली. "बसल्याल्या मानसाला उठाय सोपं. हिला आता आदी बसाय लागंल, मग उठाय लागंल. हिची कंबर तर पैल्यापासनं दुकती."

मी हसले. कबरेवर बसून हसले. आणि त्या हसण्यात ती एकदम म्हणाली, "सगुणा दर साली म्हनायची, तो उठला. कोन उठला, कसा उठला, मी कदी इचारलं न्हाय. इचारलं असतं तर ती उठलीच नसती माज्या दारातनं. आता तू सांग."

दार उघडलं होतं, आत्या. इतकी वर्षं तू ज्याच्यापाशी उभी होतीस ते. आणि तू तिथं नव्हतीस. होतीस, पण खाली. मी पवित्र शास्त्राच्या परीक्षेत दर वर्षी बक्षीस मिळवलेली बाई. तरी रात्री जुळवलेलं सगळं पळून गेलं. मग मी नुसतं सांगायला लागले, भाजी कशी केली ते सांगावं तसं. की त्याला मारलं, त्यानं कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं तरी. आपल्यासारख्यांचं सगळं वाईट त्यानं अंगावर घेतलं. त्याला गुहेत पुरलं, तोंडाला मोठा धोंडा लावला. आणि अशाच एका रविवारी, अशाच पहाटे, त्याच्या ओळखीच्या बाया मढ्याला लावायचं सुगंधी तेल घेऊन गेल्या, तर धोंडा बाजूला आणि तो नाही. त्याला मरण धरून ठेवू शकलं नाही. आणि जे त्याचे झालेत, त्यांनाही धरून ठेवणार नाही. हिलाही नाही.

"पैल्यांदा बायांस्नी कळलं?"

"हो."

"त्यांनी जाऊन बाप्यांस्नी सांगितलं?"

"सांगितलं."

"आन् बाप्यांचा इस्वास बसला?"

"नाही बसला. त्यांना वाटलं बाया काहीतरी बडबडतायत."

गंगव्वानं मान हलवली. "मग खरं असंल," ती म्हणाली.

तेवढ्यात सूर्य आला आणि सगळे उभे राहिले. तीही काठी टेकून उठली. मग सगळ्यांबरोबर ती घरी परतली. दारात पोचल्यावर म्हणाली, "शेंगा भाजायच्या ऱ्हायल्यात." आणि आत गेली.

तुला ज्याची भीती वाटायची तेच हे का, आत्या? 'बरं' म्हणून चटणीकडं वळणं? मला कळत नाही. मी काल दिवसभर तेच घोळवत होते. मी पुरेसं सांगितलं का? चुकीचं सांगितलं का? काही राहिलं का? तिचा खोकला वाढलाय. तिचं वय तुझ्याएवढंच. पुढच्या ईस्टरला ती असेल का, मी तरी असेन का, ह्याची खात्री तुला कधीच नव्हती, आता मलाही उरली नाही. तू गेल्यापासून वर्ष ही गोष्ट मला फार लांब वाटते.

आज शाळेत मधल्या सुट्टीत एका बाईंनी विचारलं, "काल सण होता ना तुमचा? काय करता?" मी डबा उघडला होता. चटणी पुढं केली. गंगव्वाचीच होती. आणि मग सांगितलं, की आम्ही पहाटे उठून आमच्या मेलेल्या माणसांपाशी जाऊन बसतो, आणि का बसतो. त्यांनी ऐकलं. एकजणी खिडकीबाहेर बघत होत्या. मुख्याध्यापकांच्या कानावर जाईल कदाचित. जाऊ दे. मी खोटं काही बोलले नाही.

आणि आता जे सांगायला हे सगळं लिहिलं ते. आत्ताच जेवणं उरकलीयत. बाहेर बाजा पडल्यात. मी भांडी घासायला नळावर गेले तर गंगव्वाच्या दारासमोर काहीतरी दिसलं. तिनं बाज बाहेर काढलीय. इतक्या वर्षांनी. मी विचारलं, "आज बाहेर?" ती म्हणाली, "लई उकडतंय." काल काय उकडत नव्हतं?

म्हणजे आता वाजवायला दार नाही, आत्या. नुसतं वाजवून पुढं जायची सोय तू गेलीस आणि संपली. आता तिच्या बाजेपाशी जायचं तर बोलावंच लागणार, आणि ईस्टरपर्यंत थांबायचं कारण उरलेलं नाही.

इथून मला तिचा खोकला ऐकू येतोय. मी हे लिहिणं ठेवते. चहा नंतर टाकीन. ती जागी आहे.